देवमाशांचा हिशेब

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ संशोधकांनी एका मादी देवमाशाच्या पाठीवर उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारे छोटेसे यंत्र बसवले. तिच्या शेपटीवरील खुणांचा आकार धुपाच्या झाडासारखा दिसतो, म्हणून तिचे नाव ‘लुबान’. अरबी भाषेत लुबान म्हणजे धुपाचा सुगंधी डिंक. आपल्याकडील लोबान हा शब्द त्याच कुळातला. पुढील काही आठवड्यांत लुबानने अरबी समुद्र आरपार ओलांडला, भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत दक्षिणेकडे सरकत ती मन्नारच्या आखाताच्या परिसरापर्यंत पोहोचली आणि नंतर पुन्हा ओमानकडे परतली. या जातीचा देवमासा ओमान आणि भारत यांच्यामध्ये असा प्रवास करतो, याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होता. ज्या पाण्यातून शतकानुशतके धूप, खजूर आणि घोडे इकडे आले व इकडून कापड आणि मसाले तिकडे गेले, त्याच पाण्यातून हा प्राणीही ये-जा करीत होता. त्याची नोंद तेवढी कुणाच्या वहीत नव्हती.

लुबान हम्पबॅक जातीची आहे. पाठीवर कुबडासारखा उंचवटा असल्यामुळे हे नाव पडले. मासा म्हणत असलो तरी हा सस्तन प्राणी. पिलाला दूध पाजतो, श्वासासाठी पृष्ठभागावर येतो. जगभरातील हम्पबॅक उन्हाळा ध्रुवांकडील थंड, अन्नसमृद्ध समुद्रात काढतात आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर प्रवास करून उष्ण पाण्यात पिलांना जन्म देतात. अरबी समुद्रातील त्यांची शाखा मात्र ध्रुवाकडे जातच नाही. तिचे अन्न इथेच, तिची वीणही इथेच. जनुकीय अभ्यासावरून असे दिसते की ही शाखा सुमारे ७० हजार वर्षे इतरांपासून वेगळी राहिली आहे. आज तिच्यात शंभराहूनही कमी प्राणी उरले असावेत, असा ओमानच्या किनाऱ्यावरील गणनेवरून काढलेला अंदाज आहे.

एवढे थोडे का, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग १९६६ सालच्या एका महिन्यात सापडतो. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अंटार्क्टिकाकडे निघालेली सोव्हिएत संघाची शिकारी जहाजे वाटेत अरबी समुद्रात थांबली. ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांजवळ त्यांनी २३८ हम्पबॅक मारले. आदल्या वर्षीचे चार धरले तर २४२. कारखाना-जहाजांनी या पाण्यात अशी शिकार करण्यास आंतरराष्ट्रीय कराराने बंदी होती, आणि त्या करारावर सोव्हिएत संघाची सही होती. २४२ पैकी एकाचीही नोंद जगासमोर आली नाही. ती आली तब्बल तीस वर्षांनी, ज्या जीवशास्त्रज्ञांनी त्या जहाजांवर काम केले होते त्यांच्यापैकी एक, ओडेसाचे युरी मिखालेव यांनी आपल्याजवळची आकडेवारी प्रसिद्ध केली तेव्हा. अरबी समुद्रातील हम्पबॅक वर्षभर इथेच राहतात, हे ज्ञानसुद्धा बऱ्याच अंशी त्या मारलेल्या प्राण्यांच्या पोटातील अन्नावरून आणि माद्यांच्या गर्भांवरून मिळाले आहे.

समुद्र वाचवण्यासाठी राष्ट्रांनी एकत्र यावे, असे आज सगळेच म्हणतात. देवमाशांच्या बाबतीत राष्ट्रे १९४६ मध्येच एकत्र आली होती. करार होता, आयोग होता, नियम होते, दरवर्षी सभा भरत होती. तरीही पुढील पंचवीस वर्षांत समुद्र रिकामा होत गेला. व्यापारी घराण्यांतील वाचकांना याचे कारण चटकन उमगेल: या पेढीत वही प्रत्येक भागीदार स्वतःची स्वतः लिहीत होता आणि ती तपासणारा कुणी नव्हता.

तेलाचा भाव

करारापर्यंत गोष्ट कशी आली, हे थोडक्यात सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकात देवमाशाचे तेल दिव्यांत जळे. खनिज तेल आले तेव्हा हा धंदा संपायला हवा होता. पण दोन गोष्टींनी त्याला नवे आयुष्य दिले. नॉर्वेच्या स्वेंड फॉइन याने तोफेतून सुटणारा आणि आत शिरल्यावर फुटणारा भाला प्रचारात आणला. वाफेच्या जहाजावरून तो डागता येऊ लागल्यावर पूर्वी हाती न लागणारे वेगवान निळे देवमासेही टप्प्यात आले. दुसरी गोष्ट रसायनशास्त्रातली. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाने द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची रीत शोधली. आपल्याकडे ज्या रीतीने वनस्पती तूप घरोघर पोहोचले, तीच ही रीत. युरोपात तिच्यामुळे देवमाशाच्या तेलापासून मार्गारीन आणि साबण होऊ लागले. ब्रिटन-जर्मनीतील कामगारांच्या पावावर लावले जाणारे स्वस्त मार्गारीन कित्येक वर्षे अंटार्क्टिकाच्या समुद्रातून येत होते. खाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

१९२५ पासून जहाजांच्या मागच्या बाजूस उतार ठेवण्यात येऊ लागला. मेलेला देवमासा त्यावरून थेट वर ओढायचा, तिथेच फाडायचा, तिथेच तेल काढायचे. किनाऱ्याची गरज उरली नाही आणि कुठल्याही देशाच्या परवान्याचीही. १९३०-३१ च्या एकाच हंगामात अंटार्क्टिकाच्या समुद्रात २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. बाजारात इतके तेल आले की भाव कोसळला, आणि पुढच्या हंगामात नॉर्वेच्या कंपन्यांनी जहाजे बंदरातच ठेवली.

म्हणून २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे १५ देशांनी जो करार केला, त्यात करुणेचा अंश शोधू नये. देवमाशांचे साठे जपायचे ते कशासाठी, तर हा उद्योग सुरळीत चालावा यासाठी, असे त्याच्या प्रस्तावनेतच लिहिले आहे. त्यातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग स्थापन झाला. उद्योगाच्या दृष्टीने पाहिले तरी कल्पना शहाणपणाची होती: मुद्दल राखायचे आणि व्याजावर जगायचे.

चुकले ते मापात. वार्षिक मर्यादा प्राण्यांच्या जातीनुसार न ठरवता तेलाच्या हिशेबाने ठरवण्यात आली. त्यासाठी ‘निळा देवमासा’ हे एकक धरले. एक निळा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच हम्पबॅक, किंवा सहा सेई जातीचे देवमासे. सुरुवातीची मर्यादा अशा १६ हजार एककांची होती. ती सर्व देशांची मिळून एकच. कुणाचा वाटा किती, हे ठरलेले नव्हते. जहाजांनी दर आठवड्याला आकडे नॉर्वेतील सॅंडेफ्योर्ड या गावच्या कार्यालयाला तारेने कळवायचे, आणि बेरीज मर्यादेजवळ आली की हंगाम बंद. साहजिकच जो आधी मारील त्याचे. अधिक वेगवान जहाजे, अधिक जहाजे, आणि दोन महिन्यांच्या आसपास आटपणारा हंगाम. शिवाय निळा देवमासा दुर्मीळ झाला म्हणून त्याला सोडण्याचे कुणालाच कारण नव्हते, कारण तो दिसला तर एका भाल्यात पूर्ण एकक पदरात पडे. फिन मुबलक होते तोवर धंदा चालत राहिला आणि जाता-येता निळे संपत गेले. ज्याने ही पद्धत आखली तो हिशेबात पक्का होता, पण एकाच पोत्यात गहू, तांदूळ आणि केशर भरून पोत्यावर भाव लावण्यासारखे ते होते.

दक्षिण गोलार्धात एके काळी सुमारे २ लाख ३९ हजार निळे देवमासे असावेत. १९७० च्या दशकाच्या आरंभी, आज काढलेल्या अंदाजानुसार, जेमतेम ३६० उरले होते.

दोन वह्या

आयोगाला धोका दिसत नव्हता असे नाही. १९६० मध्ये तीन गणितज्ञ-शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. अमेरिकेचे चॅपमन, न्यूझीलंडचे ॲलन आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतील सिडनी होल्ट हे तिघेही देवमाशांच्या शिकारीत हितसंबंध नसलेले. शिकार ताबडतोब आणि मोठ्या प्रमाणात कमी केली नाही तर शिकारीला काही उरणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यानंतर हम्पबॅक आणि निळ्या देवमाशाला दक्षिण समुद्रांत संरक्षण मिळाले. पण या तिघांनी ज्या आकड्यांवर गणित मांडले, त्यांतले काही आकडेच खोटे होते.

सोव्हिएत संघाने दक्षिण गोलार्धात २,७१० हम्पबॅक मारल्याचे कळवले. प्रत्यक्षात मारले ४८ हजारांहून अधिक. त्यातील २५ हजारांवर १९५९-६० आणि १९६०-६१ या दोनच हंगामांत, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील समुद्रात. त्यांचा परिणाम दुसऱ्या टोकाला दिसला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरून दरवर्षी जाणारे हम्पबॅक एकाएकी येईनासे झाले. क्वीन्सलँडमधील टँगलूमाचे केंद्र १९६२ मध्ये बंद पडले, न्यूझीलंडमधील शेवटचे केंद्र १९६४ मध्ये. तेथील लोक आयोगाने ठरवलेल्या मर्यादेत मारत होते, निदान कागदोपत्री हिशेब जुळत होता. मग माल गेला कुठे? तीस वर्षे कुणालाच उत्तर मिळाले नाही.

सर्व जाती मिळून सोव्हिएत जहाजांनी जगभर सुमारे १ लाख ८० हजार देवमासे नोंदीबाहेर मारले, असे आता दिसते. मारण्यामागे भूक होती असेही म्हणता येत नाही. सोव्हिएत घरांत देवमाशाच्या मांसाला फारशी मागणी नव्हती. पुष्कळदा चरबीचा थर काढून उरलेले धूड समुद्रात ढकलले जाई. पण नियोजन मंडळाचे वार्षिक लक्ष्य टनांत ठरलेले असे. लक्ष्य ओलांडले की बक्षीस, आणि बक्षीस मिळाले की पुढील वर्षीचे लक्ष्य आणखी वर. तिथे विक्रेत्याला गिऱ्हाइकाची गरजच नव्हती. बाजाराला नावे ठेवणाऱ्या एका व्यवस्थेने देवमाशांना बाजारापेक्षाही निर्दयपणे संपवले, हे या प्रकरणातील विशेष.

प्रत्येक जहाजावर दोन वह्या असत. एक सॅंडेफ्योर्डला पाठवण्यासाठी, दुसरी मॉस्कोतील मंत्रालयासाठी, ‘गुप्त’ असा शिक्का मारलेली. जहाजावरील जीवशास्त्रज्ञांना खरे आकडे माहीत होते, पण ते बाहेर नेण्यास सक्त मनाई. दिमित्री तोर्मोसोव हे असेच एक शास्त्रज्ञ. त्यांनी वर्षानुवर्षे मारलेल्या प्राण्यांच्या नोंदींचे कागद वाचवले आणि घरी बटाटे साठवण्याच्या जागेत लपवून ठेवले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९३ मध्ये अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन येथे सागरी सस्तन प्राण्यांवरील परिषदेत, रशियाच्या अध्यक्षांचे पर्यावरण सल्लागार अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी आपल्याच देशाचे हे खोटे जगापुढे मांडले. तोर्मोसोव, मिखालेव आणि त्यांच्यासारख्या इतर शास्त्रज्ञांचे कागद बाहेर आले, खरी वही पुन्हा लिहिली गेली. विसाव्या शतकात जगभरात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले, हा आज वापरला जाणारा आकडा त्या दुरुस्तीनंतरचा आहे.

आणि यावर उपाय कुणाला सुचला नव्हता काय? सुचला होता. एका देशाच्या जहाजावर दुसऱ्या देशाचा निरीक्षक बसवावा, ही मागणी १९५० च्या दशकापासून होत होती. कधी खर्चाच्या वाटणीवरून, कधी सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावरून ती लांबत गेली. ती अमलात आली १९७२ मध्ये. सोव्हिएत जहाजांवर जपानी निरीक्षक आणि जपानी जहाजांवर सोव्हिएत निरीक्षक, अशी ती जोडी होती. दोघेही शिकारीच, त्यामुळे तपासणी फार कडक असेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. तरीसुद्धा दक्षिण समुद्रातील संरक्षित जातींची मोठ्या प्रमाणावरची चोरटी शिकार त्याच सुमारास थांबली. दुकानात परका माणूस नुसता बसला तरी तराजू सरळ होतो, तसेच हे. बारा-पंधरा वर्षे आधी हाच निरीक्षक बसला असता तर लुबानच्या गोतावळ्याला १९६६ चा नोव्हेंबर बघावा लागला नसता.

एका मताचा फरक

१९७२ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे. स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरील पहिली परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर तिथे बोललेल्या सरकारप्रमुख एकट्या इंदिरा गांधी होत्या. देवमाशांच्या व्यापारी शिकारीला दहा वर्षे स्थगिती द्यावी, असा ठराव त्या परिषदेने केला. व्हेलिंग आयोगाने तो फेटाळला. मात्र निळ्या देवमाशाचे ते विचित्र एकक त्याच वर्षी रद्द झाले आणि प्रत्येक जातीची मर्यादा वेगळी धरली जाऊ लागली.

दरम्यान लोकांचे मन पालटत होते. १९७० मध्ये रॉजर पेन या शास्त्रज्ञाने हम्पबॅक देवमाशांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. नर हम्पबॅक पाण्याखाली लांबलचक, पुनरावृत्तीचे, दरवर्षी थोडेथोडे बदलणारे स्वर काढतो. ते ऐकल्यावर या प्राण्याला तेलाचे पिंप समजणे लोकांना जड जाऊ लागले. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यातही हे स्वर आहेत.

आयोगाचे स्वरूपही बदलले. शिकार न करणारे देश सभासद होऊ लागले. १९७९ मध्ये सेशेल्स या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, इवल्याशा बेटदेशाने हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरवावा असा प्रस्ताव आणला आणि तो संमत करून घेतला. मोठे सैन्य नाही, मोठे आरमार नाही. एक मत आणि एक मुद्देसूद कागद एवढ्यावर हे झाले. १९८१ मध्ये भारत सभासद झाला. २३ जुलै १९८२ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे व्यापारी शिकारीची मर्यादा सर्व जातींसाठी शून्य करण्याचा ठराव मताला आला. तीन चतुर्थांश बहुमत हवे होते. बाजूने २५, विरोधात ७, तटस्थ ५. पंचवीसांत भारत होता. दिलेल्या ३२ मतांपैकी २४ आवश्यक होती, म्हणजे गरजेपेक्षा एकच मत अधिक पडले.

पण १९४६ च्या करारात एक पळवाट होती. एखादा नियम मान्य नसेल तर ९० दिवसांत हरकत नोंदवायची. मग तो नियम त्या देशाला लागू नाही. जपान, नॉर्वे, सोव्हिएत संघ आणि पेरू यांनी हरकत घेतली. पेरूने ती लवकरच मागे घेतली. जपानच्या बाबतीत जे घडले ते मात्र व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे. अमेरिकेचा एक कायदा असा की देवमाशांच्या संवर्धनात अडथळा आणणाऱ्या देशाचा अमेरिकी सागरी हद्दीतील मासेमारीचा वाटा निम्म्याने कापता येतो. अलास्काजवळच्या मासेमारीपुढे जपानच्या दृष्टीने देवमाशांचा धंदा किरकोळ होता. जपानने हरकत मागे घेतली आणि १९८८ पर्यंत व्यापारी शिकार थांबवली. नैतिक आवाहनाने जे झाले नाही, ते दुसऱ्या खात्यावरील नुकसानीच्या भीतीने झाले. (पुढे अमेरिकेने आपल्याच मच्छीमारांसाठी परक्या जहाजांना तो वाटा देणे बंद केले, आणि हे हत्यार बोथट झाले, तो भाग वेगळा.)

जपानने मग दुसरा दरवाजा उघडला. संशोधनासाठी देवमासे मारण्याची मुभा करारात होती. त्या नावाखाली १९८७ पासून अंटार्क्टिकात शिकार चालू राहिली आणि मांस बाजारात येत राहिले. ऑस्ट्रेलियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. ३१ मार्च २०१४ रोजी १२ विरुद्ध ४ अशा मतांनी न्यायालयाने जपानचा तो कार्यक्रम वैज्ञानिक संशोधनाच्या व्याख्येत बसत नसल्याचे ठरवले. २००५ पासून सुमारे ३,६०० मिंक देवमासे मारून तज्ज्ञांनी तपासलेले दोनच शोधनिबंध हाती आले होते, हे न्यायालयाच्या नजरेतून सुटले नाही. बहुमतातील न्यायमूर्तींमध्ये दलवीर भंडारी होते, जे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. २०१९ मध्ये जपान आयोगातून बाहेर पडला आणि स्वतःच्या सागरी हद्दीत उघड व्यापारी शिकार करू लागला. नॉर्वे १९९३ पासून हरकतीच्या आधारे करीतच आहे, आइसलँडनेही अधूनमधून केली. यावरून बंदी फसली असे म्हणणारेही आहेत. पण अंटार्क्टिकाच्या समुद्रात, जिथे एका हंगामात दहा-दहा हजारांनी देवमासे मारले जात, तिथे आज व्यापारी शिकारीचे एकही जहाज जात नाही.

त्याचे फळ दिसू लागले आहे. नैर्ऋत्य अटलांटिकमधील हम्पबॅकांची संख्या १९५० च्या दशकात सुमारे ४५० वर आली होती. आता ती २५ हजारांच्या आसपास आहे. दक्षिण जॉर्जिया बेटावरील ग्रिट्विकेन हे १९०४ मध्ये सुरू झालेले शिकार-केंद्र, जिथून अंटार्क्टिकाचा सारा संहार सुरू झाला, तिथल्या पाण्यात १९९८ ते २०१८ या काळात शोधमोहिमांना एकच निळा देवमासा दिसला होता. २०२० च्या पाहणीत तो ५८ वेळा दिसला.

देवमासे परतल्याने समुद्राला काय मिळते, हे शास्त्रालाही उशिरा समजले. पूर्वीचा कयास असा होता की देवमासे गेले की त्यांचे खाद्य, म्हणजे कोळंबीसारखे दिसणारे क्रिल, अमाप वाढेल. वाढले नाही. मोठा देवमासा दिवसाला कित्येक टन क्रिल खातो (उत्तर पॅसिफिकमधील निळ्या देवमाशासाठी हा आकडा सुमारे १६ टन काढला आहे) आणि त्याची विष्ठा पृष्ठभागावर पसरते. तिच्यात लोह भरपूर असते. दक्षिण समुद्रात नेमकी लोहाचीच चणचण. ते मिळाले की सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्यावर क्रिल जगते, क्रिलवर पेंग्विन, सील, मासे आणि पुन्हा देवमासे. खाणाराच पेरणाराही होता. मेलेला देवमासा तळाला जातो तेव्हा त्याच्या एका देहावर खोल, अंधाऱ्या समुद्रातील जीवांची वस्ती कित्येक वर्षे चालते.

आपल्या किनाऱ्यावर

अरबी समुद्रात मात्र असे फळ दिसत नाही. मुळात शाखा लहान, त्यात आता भाल्याऐवजी जाळी आणि जहाजांचे पंखे हे धोके. भारतात देवमाशांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. वर्तमानपत्रांत ‘देवमाशाची उलटी’ म्हणून ज्याच्या तस्करीच्या बातम्या येतात, तो अंबर हा अत्तराच्या धंद्यातील जुना पदार्थ स्पर्म देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. किनाऱ्यावर आयता सापडला तरी तो बाळगणे आणि विकणे भारतात गुन्हा आहे. कुणी ‘तरंगते सोने’ म्हणून गुंतवणूक सुचवली तर हे ध्यानात असावे.

२०१५ मध्ये सिंधुदुर्गाच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे दिसले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फुटांचा एक येऊन मेला. राज्यात २०१८ च्या अखेरीपासून एक चांगली योजना चालू आहे. जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतात. अट एकच: छायाचित्राचा पुरावा. या अटीमुळे कासव, बहिरी मासा, डॉल्फिन यांपैकी कोणता प्राणी कुठे आणि कधी अडकतो, याची नोंद आपोआप साठत गेली. कोकणच्या समुद्राची ही वही खुद्द मच्छीमार लिहीत आहेत.

किनाऱ्यापासून दूर, कुठल्याच देशाच्या हद्दीत न येणारा समुद्र हा एकूण महासागराच्या जवळजवळ दोन तृतीयांश. त्याच्यासाठीचा करार दोन दशकांच्या वाटाघाटींनंतर १९ जून २०२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये संमत झाला आणि १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली. खुल्या समुद्रात संरक्षित क्षेत्रे आखण्याचा मार्ग त्यामुळे प्रथमच मोकळा झाला. एकमत न झाल्यास तीन चतुर्थांश मतांनी निर्णय घेता येतो. हरकतीची सोय इथेही आहे, पण १९४६ सारखी मोकाट नाही: ठरावीक कारणांसाठीच, लेखी खुलाशासह, आणि ती ठरावीक काळाने नव्याने नोंदवावी लागते. तपासणीचे तपशील अजून ठरायचे आहेत. निरीक्षकाचा प्रश्न पुन्हा एकदा टेबलावर आहे.

जहाजांच्या धडकेचा प्रश्न मात्र सरळ व्यापाराशी भिडतो. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, डोंड्रा हेडजवळ, जगातील अत्यंत गजबजलेला जलमार्ग किनाऱ्याला लगटून जातो. न्हावा-शेवाहून सिंगापूर किंवा चीनकडे जाणारे कंटेनर याच वळणावरून जातात. नेमक्या त्याच पट्ट्यात निळे देवमासे वर्षभर चरतात, आणि जहाजाला धडकून मरतात. मार्ग १५ सागरी मैल दक्षिणेला सरकवला तर धोका पुष्कळ कमी होतो, असे पाहण्यांवरून दिसले. एमएससी या जगातील सर्वांत मोठ्या कंटेनर कंपनीने २०२२ च्या मध्यापासून आपली जहाजे स्वतःहून त्या दूरच्या वाटेने न्यायला सुरुवात केली. इतर जहाजांना ते बंधनकारक व्हायचे असेल तर किनाऱ्याच्या देशाने, म्हणजे श्रीलंकेने, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे तसा प्रस्ताव मांडावा लागतो. तोवर कोणत्या वाटेने जायचे हे जहाज चालवणारी कंपनी ठरवते, आणि तिला विचारू शकतो तो तिच्या जहाजात माल भरणारा.